पुलाचा डावा भाग आणि दहा जीबी

"एकदा माणसाने पैसे मोजले, की त्याच्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार या पृथ्वीतलावर कोणालाही उरत नाही!"

हे वाक्य माजी भांडारपालांनी एका सकाळी स्टुलावर उभं राहून, कपाटावरच्या वायफायच्या डबीकडे बोट दाखवून उच्चारलं. सभेला दोन माणसं हजर होती. एक त्यांची पत्नी. तिने स्टूल धरलं होतं. दुसरा प्लंबर, तो बेसिनखाली कमरेपर्यंत शिरलेला असल्यामुळे त्याचे फक्त पायच सभेत होते.

पाय क्षणभर थबकले. मग आतून आवाज आला, "काका, वॉशर एकच टाकलाय. दुसऱ्याची गरज नव्हती."

"तुम्हाला नाही हो," पत्नी म्हणाली. "ते इंटरनेटला बोलतायत."

आता हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं, तर ते मोठं वाटलं असतं. पण भांडारपालांनी तेहेतीस वर्षं एका सरकारी कचेरीचं स्टेशनरीचं भांडार सांभाळलं होतं, आणि त्या तेहेतीस वर्षांत रिकामी रिफिल जमा केल्याशिवाय भरलेली रिफिल कोणालाही दिली नव्हती. तीन महिन्यांतून दोन रिफिली, सहा महिन्यांतून एक खोडरबर, आणि टाचण्या मागणाऱ्याने आधीच्या टाचण्या कुठे टोचल्या ते सांगायचं, असा त्यांचा कारभार. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी जादा दौत मागितली, तेव्हा यांनी नम्रपणे पहिल्या दौतीचं बूच मागितलं होतं. अशा माणसाने मर्यादेविरुद्ध बंड पुकारावं, म्हणजे कुलपानेच दाराविरुद्ध तक्रार करण्यासारखं होतं.

पण कारणही तसंच होतं. परदेशात राहणाऱ्या मुलाची मुलगी, म्हणजे भांडारपालांची एकुलती एक नात, वय वर्षं सहा, शाळेच्या नाटकात काम करणार होती. नाटक पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. भूमिका : पुलाचा डावा भाग.

नदीवर पूल नाही म्हणून प्राणी अडकतात, मग दोन मुली हातात हात धरून पूल होतात, अशी एकंदर गोष्ट. नातीला एक वाक्य होतं. तिथल्या भाषेत होतं, पण मुलाने अर्थ सांगितला होता : "एका वेळी एकानेच यायचं!" भांडारपालांनी हे वाक्य ऐकलं आणि त्यांचे डोळे पाणावले. रक्तात असतं काही काही.

अडचण एवढीच, की शाळा नाटक थेट दाखवणार होती, पण फक्त त्या देशातल्या देशात. लहान मुलांची चित्रं जगभर जाऊ नयेत म्हणून. आणि नंतर बघायला काही ठेवणार नव्हती. बाहेरदेशी आजी-आजोबा असणाऱ्यांनी व्हीपीएन घ्यावं, आणि त्यावरचा आपला पत्ता आठ दिवस आधी शाळेला कळवावा, असं शाळेनेच सुचवलं होतं.

"व्हीपीएन म्हणजे काय रे?" भांडारपालांनी मुलाला फोनवर विचारलं होतं.

"बाबा, म्हणजे तुम्ही बसलेले असता घरीच, पण इंटरनेटला वाटतं तुम्ही इथे आहात."

"हात्तिच्या! म्हणजे खुर्चीला कोट अडकवून बाहेर जायचं!"

हा प्रकार त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांच्या कचेरीतला एक कारकून अकरा वर्षं कोटाच्या रूपाने कामावर हजर होता. कोटाला एक बढतीही मिळाली होती. तेव्हा परदेशातल्या एका खुर्चीवर आपला कोट अडकवायचा, आणि त्याचं भाडं भरायचं, एवढं समजून घ्यायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. बारा तारखेला त्यांनी एका कंपनीचं व्हीपीएन घेतलं, 'मान्य आहे' असं लिहिलेल्या चौकोनात सवयीने टिक केली, मुलाने पत्ता शाळेला कळवला, आणि मग ते स्टुलावर चढून डबीचा नंबर वाचत असताना त्यांच्या फोनवर कंपनीचं स्वागतपत्र आलं. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : आपली मर्यादा, दरमहा दहा जीबी.

म्हणून ते वाक्य.

शेजाऱ्यांना ही बातमी प्लंबरकडून कळली. संध्याकाळी समोरचे वकील हातात चहाचा कप घेऊनच आले. स्वतःच्या घरचा चहा दुसऱ्याच्या घरी बसून पिणं ही त्यांची जुनी सवय.

"फुकटच्या व्हीपीएनला मर्यादा असते, हे मी समजू शकतो," वकील म्हणाले. "फुकट म्हणजे ते देतील तेवढं. पण पैसे घेऊन मर्यादा? ही तर सरळसरळ ग्राहकाची फसवणूक. आपण लढू."

"आपण?" भांडारपालांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही. मी मागे आहे."

त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. यांच्या बोलण्यात कधीच अडीच वाक्यांच्या वर काही नसे.

"सलाइनसुद्धा मोजूनच देतात, पैसे घेऊनच देतात," त्या म्हणाल्या. "पेशंट कधी तक्रार करत नाही. आणि पुलाचा उजवा भाग कोण आहे?"

हा प्रश्न पुढच्या तीन आठवड्यांत प्रत्येकाने विचारला. उजव्या भागाबद्दल भांडारपालांना काहीच माहीत नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं.

"माझ्या मेव्हण्याकडे अमर्याद आहे," वकील म्हणाले. "पण खालच्या बारीक अक्षरांत 'वाजवी वापर' असं लिहिलंय. पंधरा तारखेनंतर एक फोटो उघडायला घेतला की मेव्हणा आंघोळ करून येतो. आला की कपाळ दिसायला लागलेलं असतं."

"मग हे दहा बरं नाही का? निदान तोंडावर सांगतात," नर्सबाई म्हणाल्या आणि अडीच वाक्यं पूर्ण झाल्यामुळे निघून गेल्या.

भांडारपालांना ते पटलं, आणि पटल्याचा फार राग आला. त्यांनी लढा तूर्त स्थगित करून, जे जन्मभर केलं तेच करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी घरात एक रजिस्टर आलं. तारीख, मागणीचे प्रयोजन, मागणी, मंजुरी, शिल्लक, शेरा. मागणी करणारी व्यक्ती घरात एकच होती.

"अहो, नातीच्या शाळेच्या पानावर तालमीचा फोटो टाकलाय म्हणे. ते व्हीपीएन लावा जरा."

"लेखी द्या."

"काय?"

"दोन ओळी. प्रयोजन स्पष्ट हवं."

पत्नीने वाणसामानाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं : 'माझ्या नातीला बघायचं आहे. तुमचीही आहे ती.' भांडारपालांनी शेरा मारला, 'एका फोटोपुरते मंजूर', आणि चिठ्ठी फाइलला लावली. पाठीमागे अर्धा किलो साबुदाण्याची नोंद असल्यामुळे दोन दिवसांनी तीच फाइल घेऊन त्यांना दुकानात जावं लागलं, तो भाग वेगळा.

अशा कडक कारभाराचा परिणाम व्हायचा तोच झाला. महिन्याच्या एकतीस तारखेला दुपारी त्यांनी शिल्लक तपासली, तर दहापैकी साडेआठ जीबी तशीच पडलेली.

आणि भांडारपाल रजिस्टर टाकून ताडकन उभे राहिले.

ज्याने सरकारी नोकरी केलेली नाही, त्याला ही धास्ती कळायची नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तरतूद शिल्लक राहणं, यासारखी नामुष्की नाही. शिल्लक परत जाते, वर प्रश्न येतो की गरज नव्हती तर मागितलं कशाला, आणि पुढच्या खेपेला निम्मंच मिळतं. म्हणून शेवटच्या दिवशी जे मिळेल ते घ्यायचं. भांडारपालांनी एका वर्षअखेरीला चारशे शाईचे पॅड घेतले होते. ते निवृत्त झाले तेव्हा त्यातले तीनशे ब्याण्णव ताठ मानेने रॅकवर होते.

"आज संध्याकाळच्या आत हे सगळं संपलं पाहिजे!" ते ओरडले.

"कशाला? उरेल की पुढच्या महिन्याला," पत्नी म्हणाली.

"उरत नाही! जातं! आणि उद्या त्यांनी आपली मर्यादा पाचवर आणली, तर चार तारखेला पूल कशात बघणार?"

या युक्तिवादापुढे पत्नीने हात टेकले. तिने एवढंच विचारलं, की यावेळी लेखी द्यायचं का.

मग त्या घरात जे झालं, ते त्या इमारतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. वकील आले, नर्सबाई ड्यूटीवर जाता जाता थांबल्या. मुलाने पाठवलेला मोठा टीव्ही इंटरनेटला जोडला, चित्र सर्वांत स्पष्ट करून ठेवलं आणि परदेशातला कोट अंगात चढवून मंडळींनी जे समोर येईल ते पाहायला सुरुवात केली. एका मत्स्यालयात एक मोठा मासा पाऊण तास काचेजवळून ये-जा करत होता. वकिलांना तो त्यांच्या ओळखीच्या एका न्यायाधीशासारखा दिसला. नंतर एका दीपगृहाभोवती समुद्र. नंतर कुणाच्या तरी घरातली शेकोटी; नुसती शेकोटी, माणूस नाही.

"यात काही होणार आहे का पुढे?" नर्सबाईंनी विचारलं.

"होतंय ना! दर मिनिटाला खर्च होतोय!" भांडारपाल मोबाइलवरचा आकडा बघत म्हणाले.

साडेसहाला शिल्लक शून्यावर आली. लाल शाईने त्यांनी रजिस्टरात लिहिलं, 'तरतूद पूर्णपणे खर्ची', खाली सही केली आणि निवृत्तीनंतर प्रथमच ते तृप्त मनाने जेवायला बसले.

एक तारखेला सकाळी त्यांनी फोन उघडला. शिल्लक : शून्य. त्याखाली बारीक अक्षरांत : नवी मर्यादा बारा तारखेपासून.

कंपनीचा महिना बाराला सुरू होऊन बाराला संपत होता. कॅलेंडरचा आणि कंपनीचा काही संबंध नव्हता. नाटक चार तारखेला होतं.

पत्नी कपडे वाळत घालत होती, ती घालतच राहिली. फक्त एका टॉवेलला तिने जरा जास्तच पिळलं. भांडारपालांना तो टॉवेल आपल्या परिचयाचा वाटला.

"दुसऱ्या कंपनीचं घ्या ना," नर्सबाईंनी जिन्यातून सुचवलं. पण शाळेकडे या कंपनीचा पत्ता गेलेला, आणि शाळेची यादी बंद झालेली. "मग यांचंच मोठं घ्या," वकील म्हणाले. तेही करून पाहिलं. मोठी योजना मिळत होती. लागू होणार होती बारा तारखेपासून.

तेव्हा लढा पुन्हा सुरू झाला. वकिलांच्या देखरेखीखाली भांडारपालांनी चौदा मुद्द्यांचं निवेदन तयार केलं. 'सशुल्क सेवेस मर्यादा असणे हे न्यायाच्या मूलतत्त्वांस धरून आहे काय' इथून ते सुरू होत होतं आणि मानवी संस्कृतीच्या भवितव्यापाशी संपत होतं. ते त्यांनी कंपनीच्या मदतीच्या खिडकीत टाकलं.

उत्तर तात्काळ आलं. 'आपला प्रश्न समजला नाही. आपण पासवर्ड विसरला आहात का?'

'नाही,' भांडारपालांनी टाइप केलं.

'छान! आणखी काही मदत हवी आहे?'

हे यंत्र होतं. दोन तारीख पूर्ण आणि तीन तारखेची सकाळ त्या यंत्राशी मुद्देसूद वाद घालण्यात गेली. त्यात यंत्राने त्यांना चार वेळा नवा पासवर्ड दिला. शेवटी तीन तारखेला दुपारी, कसं कोण जाणे, पलीकडे एक माणूस आला. माणूस आहे हे भांडारपालांनी लगेच ओळखलं, कारण तो उत्तर द्यायला वेळ लावत होता.

'सर, योजनेत दहा जीबी स्पष्ट लिहिलं आहे. आपण मान्य आहे वर टिक केली आहे.'

'परंतु मी पैसे भरले आहेत!'

'दहा जीबीचेच भरले आहेत सर. सगळ्यांना पुरलं पाहिजे. एकाला जादा दिलं की दुसऱ्याचं हळू होतं. नियमात बसत नाही.'

भांडारपाल खुर्चीत मागे टेकले. 'सगळ्यांना पुरलं पाहिजे. नियमात बसत नाही.' ही दोन वाक्यं त्यांनी तेहेतीस वर्षं, दिवसातून सरासरी नऊ वेळा, भांडाराच्या खिडकीच्या आतून बाहेर फेकली होती. खिडकीच्या बाहेरून ती कशी लागतात, हे त्यांना आज प्रथम कळलं. बाहेरून ती फार वाईट लागत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, बरोबरही वाटत होती.

"काय म्हणतो?" पत्नीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शहाणा माणूस आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "मी असतो तर हेच म्हणालो असतो."

"मग तुम्ही द्यायचात तरी कधी कोणाला?"

भांडारपाल आठवू लागले. धमकी देणाऱ्यांना त्यांनी दिलं नव्हतं, वरून चिठ्ठी आणणाऱ्यांना तर मुळीच नाही. मुद्दे मांडणाऱ्यांना त्यांनी मुद्दामच नाही दिलं. एकदाच दिली होती जादा रिफिल. एक नवी टायपिस्ट मुलगी खिडकीशी आली होती. रिकामी रिफिल कुठे, विचारल्यावर बाकी सगळे शिपायाचं नाव घेत. ती म्हणाली होती, 'हरवली. माझीच चूक.' एवढं सरळ उत्तर त्या खिडकीत पूर्वी कधी आलं नसल्यामुळे भांडारपाल गडबडले होते आणि त्यांनी स्वतःच्या पेनातली काढून दिली होती.

त्यांनी चौदा मुद्दे बाजूला सारले आणि टाइप करायला घेतलं. 'अनवधानाने' असं लिहिलं; खोडलं. 'काही अपरिहार्य कारणास्तव' लिहिलं, तेही खोडलं. सरकारी भाषेत चूक कबूल करायला शब्दच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेहेतीस वर्षांत लागला नव्हता. पत्नी हात पुसत मागे येऊन उभी राहिली, तरी त्यांनी स्क्रीन झाकली नाही.

'चुकलो,' त्यांनी लिहिलं. 'महिना संपला समजून मीच सगळं उधळलं. मासे बघितले. उद्या माझी नात शाळेच्या नाटकात पुलाचा डावा भाग होणार आहे. तिच्या आजीला बघायचं आहे. मलाही. जमलं तर द्या.'

एक मिनिट गेलं, पाच गेली, अकरा गेली.

"गेला वाटतं," पत्नी हळूच म्हणाली.

"गेला नाही. साहेबांकडे गेलाय," भांडारपाल म्हणाले. खिडकीच्या आतलं त्यांना सगळं दिसत होतं.

'दोन जीबी टाकले आहेत सर. जोडणीची चाचणी म्हणून दाखवलं आहे. कृपया कोणाला सांगू नका.' आणि जरा थांबून : 'उजवा भाग कोण आहे?'

चार तारखेला दुपारी चार वाजता वकील, नर्सबाई आणि घरचे दोघे टीव्हीपुढे बसले. दोन जीबीत बसावं म्हणून भांडारपालांनी चित्र सर्वांत अंधूक करून ठेवलं होतं. त्यामुळे रंगमंचावर दोन तपकिरी ठोकळे होते आणि त्यांच्याभोवती काही हिरवट ठिपके हलत होते.

"ती डावीकडची," भांडारपाल म्हणाले.

"अहो, त्यांची डावी म्हणजे आपली उजवी," पत्नी म्हणाली.

"भूमिका प्रेक्षकांच्या बाजूने लिहितात."

"माझी नात मला कळत नाही?"

"दोघांचंही म्हणणं नोंदवून घेतलंय," वकील म्हणाले. "पुढे चला."

ठोकळ्यांनी हात धरले. पूल झाला. एक ठिपका, ससा असावा, पलीकडे गेला. कासव गेलं. मग शाळेतल्या सगळ्याच प्राण्यांना एकदम घाई झाली. दोन हत्ती, एक माकड आणि ज्याची वेळ अजून आली नव्हती असं एक झाड, सगळे पुलावर चालून आले. उजवा भाग घाबरला, हात सोडून रडत आत पळाला. त्याच्याबद्दल इतके दिवस जी उत्सुकता होती, ती तिथेच संपली.

उरलेला ठोकळा जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हात पसरले आणि सहा वर्षांच्या, खणखणीत, खिडकीच्या आतल्या आवाजात ओरडला, 'एका वेळी एकानेच यायचं!' हत्ती थांबले. माकड मागे सरकलं. ठोकळ्याने ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, नाटकात नसताना, आणि झाडाला बोट दाखवून रांगेच्या शेवटी उभं केलं.

तो ठोकळा पत्नी म्हणाली त्याच बाजूचा होता, पण हे बोलून दाखवायला ती भानावर नव्हती. ती रडत होती. नर्सबाई टाळ्या वाजवत होत्या. भांडारपाल उभे राहिले होते आणि का उभे राहिलो हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाटक संपलं तेव्हा खात्यात किती शिल्लक आहे, हेही त्यांनी पाहिलं नाही.

तासाभराने मुलाचा फोन आला. पलीकडे नात होती. अंगावर अजून पुठ्ठा असावा, कारण ती हलली की खरखर ऐकू येत होती.

"आजोबा, बघितलं?"

भांडारपालांनी घसा साफ केला. बोलायला खूप होतं. मर्यादा म्हणजे काय, ती कोणी घालावी, पैसे भरूनही ती का सोसावी, पूल आणि भांडार यांतलं साम्य, तो पलीकडचा सज्जन माणूस, आणि चूक कबूल करण्याचं आयुष्यातलं स्थान, हे सारं तिला आत्ताच, ती लहान आहे तोवर, सांगायला हवं होतं. त्यांनी सुरुवात केली. ते तेहेतीस वर्षांपासून सुरू झाले आणि रिफिलीपर्यंत पोचले होते. पलीकडे पुठ्ठा अस्वस्थपणे खरखरू लागला.

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही आता फोन ठेवता का? बाबांचा डेटा संपत आलाय, आणि मला अजून एक गेम खेळायचाय."